चार दिवसांआड

आई, लेआ शांतवन हिवाळे, वय एक्क्याऐंशी,
रविवारी साडेआठला पांढरं पातळ नेसून
ओट्यावर येऊन बसते.
रिक्षा नऊला येते.
अर्धा तास आधी कशाला, हे विचारणं मी सोडलंय.
मिलच्या त्रासन खात्यात होती ती.
भोंग्याच्या आधी दारात उभं राहायची सवय
भोंगा कायमचा थांबला तरी
पायांतून गेली नाही.

लोकांना वाटतं, हिच्या विश्वासाला कधी तडा गेला नसेल.
पंच्याहत्तरीला शाल देताना पाळकसाहेब
तिला 'खडक' म्हणाले.
घरी शालीची घडी घालत ती म्हणाली,
"खडक कसला! खडकाचे गुडघे दुखतात का?"

मला ते वर्ष माहीत आहे.
धाकटा शमुवेल काविळीनं गेला, सिव्हिलमध्ये,
सहा वर्षांचा.
मंडळी घरी येऊन गात राहिली
आणि ती चुलीकडे तोंड करून बसली.
त्यानंतर डोळे मिटलेली आई मी पाहिली नाही,
उन्हाळा गेला, पावसाळा गेला,
नाताळसुद्धा कोरडाच गेला.
पण शनिवारी संध्याकाळी खराटा घेऊन
ती देवळात जायचीच.
बाकांखालची धूळ, कबुतरांची घाण,
मेजावरचं कापड धुवायला घरी.
"त्याच्याशी बोलणं नाही माझं,"
शेजारच्या नरसम्माला सांगत होती,
"पण घर त्याचं आहे. झाडायला नको?"
नरसम्मानं विड्यांचं सूप बाजूला सारलं,
तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
आणि दोघी अंधार पडेपर्यंत तशाच बसल्या.

बोलणं पुन्हा कधी सुरू झालं, कुणी पाहिलं नाही.
स्वप्न पडलं नाही, उजेड दिसला नाही.
एका पहाटे नळाला पाणी आलं
आणि हंडा भरता भरता ती काहीतरी म्हणत होती,
जे मला उद्देशून नव्हतं.

आता सोलापुरात पाणी चार दिवसांआड येतं.
कधी पाच.
कधी येणार म्हणतात आणि तोटीतून नुसती हवा सुसाटते.
मी पुण्याहून परतलो तो सगळं तिथंच टाकून;
रविवारी उशिरापर्यंत झोपायचो.
एकदा चिडून म्हणालो,
"साठ वर्षं मागतेस, आई. आलं काय?"
ती कडक भाकरी आमटीत मोडत होती.
"नळ कोरडा आहे म्हणून
हंडा कुणी फोडतं का रे?"
मग तुकडा बोटानं दाबून पाहिला, भिजला का.
"ताजी असते तेव्हा गोड लागते.
मिल बंद पडली त्या वर्षी मात्र
हीच पुरली."

हल्ली ती विसरते.
गॅस, चष्मा, माझ्या मुलीचं नाव.
परवा रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना
भाकरीपर्यंत आली आणि थांबली.
पुढचा शब्द सापडेना.
ओठ हलत राहिले.
बाहेर गल्लीत टँकर मागे घेत होते,
कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे.
तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं,
जणू शब्द मीच लपवून ठेवलाय.

वीस वर्षं मी तो उच्चारला नव्हता.
ऋण.
भाकरीनंतर ऋणच येतं.
म्हणालो कसाबसा,
बंद पडलेल्या पाईपातून यावं तसं,
आधी हवा, मग गंज.
ती "हं" म्हणाली
आणि मला मागे टाकून
आमेनपर्यंत एकटी गेली.

आज रविवार. ओट्यावर आम्ही दोघं.
"मी येत नाहीये हं," मी आधीच सांगितलं,
"रिक्षा येईपर्यंत बसतो नुसता."
"बस की," ती म्हणाली,
आणि पातळाचा काठ सावरून
थोडी सरकली.