चुंबळ

टाकी हलवली तर आतून आवाज नाही.
रॉकेल कधीच उडून गेलेलं,
तळाशी काकवीसारखा थर.
"एकतीस वर्षं माळ्यावर होती," अनसूया कमटम म्हणाली,
"पितळ चांगलं हाय. आतलं तू बघ."

साखर पेठेतलं माझं दुकान म्हणजे
दोन शटरांमधली एक फट.
एरवी मिक्सर करतो, इस्त्र्या करतो;
गॅसबत्ती आली की मात्र
आधी हात धुतो.

टाकीत मूठभर खडी, थोडं थिनर,
आणि तासभर घुसळणं.
बाहेर पडलं ते आधी काळं, मग चहासारखं, मग नितळ.
पंपाचं चामडं वाळून खारीक झालेलं,
ते एरंडेलात रात्रभर.
निपल काढताना चावी दोनदा घसरली,
अंगठ्याचं साल गेलं.
नळीत इतका कोळसा
की तार आत जाईना.
गफूर उस्ताद म्हणायचे, जोर लावू नको बे,
नळी रुसलीय, तापव आणि पुन्हा विचार.
तापवली. विचारलं.
तिसऱ्यांदा तार आरपार.

सांध्यांवर साबणाचा फेस लावला.
एकही बुडबुडा नाही.

मग मेंटलची जाळी बांधली, दोऱ्याला दुहेरी गाठ.
माझा बाप मागावर चादरी विणत गेला,
घरात भाकरीपेक्षा सूत जास्त असायचं.
एवढं कापड पाहिलं या गावात,
पण आधी जळून मग कामाला लागणारं
हे एकच.
स्पिरिट पेटवलं. जाळी काळी पडली, आकसली,
पांढरी झाली.
आता तिला श्वासही लागू नये.

अनसूया मंगळवारी दिवेलागणीला आली.
मी हवा भरली, चावी फिरवली.
दोन उचक्या, काचेला चाटलेली एक पिवळी जीभ,
मग सूंऽऽ
समोरच्या मोबाईलवाल्यानं मान वर केली.
ती बत्तीकडं बघतच नव्हती,
कान देऊन उभी.
"आठ-धा दट्टे कमी पडले की."
मोजून दहा मारले.
आवाज भरला, उजेड निळसर झाला.
"हां. आता बोलली."

तिनं पिशवीतून चुंबळ काढली,
जुन्या इरकलीची, एका बाजूला करपलेली.
मी म्हटलं, मावशी, नको,
सत्तरी उलटली, मान धरेल.
"मी कशाला घेऊ? बावीस वर्षं घेतली.
किती वराती, किती नवऱ्या, किती बुजलेली घोडी.
सगळ्यांची तोंडं दिसायची, बटनं दिसायची कोटाची.
माझ्यावर टाकीची सावली.
ही कशी दिसती, मला काय ठावं?
तू घे. मी त्या स्टुलावर बसते."

चुंबळ ठेवली, वर बत्ती.
टाळूत ऊब उतरली,
नाकात रॉकेल, मान हलवायची सोय नाही.
"चाल की!"

चाललो, पानपट्टीपर्यंत.
महापालिकेचे पांढरे दिवे होतेच वर,
तरी भिंतींना माझ्याबरोबर सरकणाऱ्या
सावल्या फुटल्या.
एक कुत्रं बाजूला झालं.
पानवाला म्हणाला, नवरदेव कुठंय?
हसता येईना, बत्ती हलली असती.

वळलो.
ती स्टुलावर, पदर नीट डोक्यावरून,
हात मांडीवर,
दारात वरात आल्यावर
आतल्या बायका बघतात तशी.
"अजून येकदा," म्हणाली.
पुन्हा गेलो.

मग हवा सोडली. फुस्स.
जाळी तांबूस झाली आणि गेली.

"चारशे लई होतात. जाळी तर चाळीसची."
तीनशे साठवर आलो.
रिक्षात तिनं बत्ती मांडीवर घेतली,
काच स्वतःकडं करून.

चुंबळ राहिली. हाक मारली,
तिनं हात हलवला, तो कशासाठी ते कळलं नाही.
आता पान्यांशेजारी खिळ्याला आहे.
तिला रॉकेलचा वास येतो,
आणि जरा जवळ गेलं की
खोबरेल तेलाचा.