तोंडीलावणं

व्होलोसच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर,
एव्हान्थियाच्या गॅलरीत साडेचार खुर्च्या.
अर्धी म्हणजे उपडं घातलेलं कांद्यांचं खोकं.

आमंत्रण असं नसतंच.
ती दोरीवरचे कपडे काढते, इतकंच;
खालून कळतं, आज बसायचंय.

त्सिपुरोची बाटली वीतभरही नाही.
पाणी पडलं की पेला दुधाळतो,
आणि दर बाटलीमागे एक ताटली, हा इथला कायदा.
भाजलेली तारली, मग व्हिनेगरातला ऑक्टोपस, मग—
पुढे काय, ते विचारायचं नाही.
विचारलंत तर नुसते ऑलिव्ह.

खालच्या मजल्यावरची हनादी, लताकियाची.
ती पीत नाही.
बाटली नाही, मग ताटली कशाच्या हिशेबात?
पहिल्या दिवशी खोक्याच्या कडेवर अवघडून बसली,
मांडीवर वाटी: अक्रोड, लाल मिरची, डाळिंबाचा आंबट पाक.
एव्हान्थियाने तिला बदामाचं सरबत दिलं.
तेही पांढरं, तसल्याच पेल्यात.

थ्रासोस, जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेला,
बोलण्याच्या भरात तिचाच पेला उचलून बसला.
एक घोट. थांबला. मिशी पुसली.
आम्ही सगळे एकदम समुद्र बघायला लागलो.
त्याने पेला तळापर्यंत संपवला,
टेबलावर आपटला:
"ही पण बाटलीच धर, एव्हान्थिया!
ताटली कुठाय? काय आहे आता?"

विचारलं ना.
ऑलिव्ह आले.

हनादीने एक उचललं, वाटीतल्या लालात बुडवलं,
आणि बी कुठे टाकायची
ते थ्रासोसकडे बघून शिकली:
कठड्यावरून खाली,
कुणाच्या तरी स्कूटरवर.