औषधाची कंपनी

घरी सांगितलंय, औषधाच्या कंपनीत आहे.
खोटं नाही ते. आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात:
ढेकणांचं औषध, वाळवीचं औषध,
आणि माझ्या पिशवीतल्या या निळ्या मेणवड्या,
उंदरांचं.

रात्री साडेदहाला व्हॅन मत्रहच्या धक्क्यापाशी उतरवते.
पुढे बोटी, मागे काळे डोंगर,
दिवसाचं ऊन अजून पोटात धरून बसलेले.
हमूद सेठच्या वखारीत तांदळाच्या थप्प्या, वेलची, सुकी लिंबं,
आणि सुक्या मुशीचा वास,
आमच्या दाभोळच्या माळ्यावरून थेट चालत आल्यासारखा.

नवीन होतो तेव्हा वाटायचं, वडी ठेवली की झालं.
कुंजुमोन म्हणाला, थांब जरा.
पहिल्या रात्री वडीला कुणी शिवलं नाही.
दुसऱ्या रात्री एक म्हातारी आली, डावा कान फाटलेली,
हुंगलं, मिशा हलवल्या,
वडीवर मुतून निघून गेली.
तिसऱ्या रात्रीपासून सगळी जमात तिथून वळसा घालून जाते,
काल डोळे उघडलेली पिल्लंसुद्धा.

पोत्यामागे बसून मी पाहत राहतो, हे पगारात धरलेलं नाही.
बाहेरून आलेल्याच्या तोंडाला ते तोंड लावतात:
काय खाल्लंस? कुठे? आणि अजून जिवंत आहेस ना?
शुक्रवारी मोतालेब त्याच्या चुलतभावाकडून जेवून येतो
तेव्हा आम्ही सहाजण त्याचा हात असाच हुंगतो.
कोळंबी! म्हणतो मी. तो म्हणतो, दोनच होत्या.

निजताना ते एकावर एक चढून निजतात.
मधला थोड्या वेळाने कडेला येतो,
कडेचा आत सरकतो.
यादी कुणी केलेली दिसत नाही.

परवा चिकटफळीवर एक कोवळं सापडलं.
चारही पाय रुतलेले, पोट भात्यासारखं.
आणि शेजारी ती, फाटक्या कानाची.
दोन हातांवर वेलचीचं फुटकं पोतं होतं,
तिने तिकडे पाहिलं नाही.
शेपूट ओढली, सोडली, मान चाटली,
फळीची कड कुरतडली, पुन्हा शेपूट.
बॅटरी मारली तरी हलली नाही.

आई फोनवर विचारते,
तुमच्या औषधाने लोकांना गुण येतो का रे?
मी म्हणतो, येतो. खप चांगला आहे.

डोक्याला लावायची तेलाची बाटली पिशवीत होती.
खोबरेल. थेंब थेंब सोडलं,
एक पाय, मग दुसरा,
तिसऱ्याला ते चावलं मला, बरोबरच होतं त्याचं.
वहीत लिहिलं: फळी क्रमांक नऊ, रिकामी.
पुढच्या फेरीला कुंजुमोनने ती ओळ वाचली,
फळीवरच्या तेलाला बोट लावलं,
आणि बोट पँटला पुसून सही केली.

पण ती रात्र तिथेच संपली नव्हती.
पिल्लू सुटल्यावर म्हातारी पळाली नाही.
पुढे आली, माझ्या बोटांपाशी,
जशी त्यांच्यातल्या कुणाच्या तोंडापाशी जाते तशी.
मी श्वास धरून बसलो, पेवेकर, एम्प्लॉयी नंबर चारशे बारा,
आपली परीक्षा असल्यासारखा.
तिने खोबरेल हुंगलं. आमटी हुंगली.
मग त्याखालचं, साबणाने न जाणारं,
ते हुंगलं.

दोन पावलं मागे सरली.
पिल्लाला पुढे घातलं
आणि मला वळसा घालून गेली.