चार बोटांची फट

पहिलं चित्र देखणं होतं.
तीन चाकांवर लालचुटूक पेटी,
फुलासारखं उमलणारं छप्पर, पितळी नळ,
काळ्या पाटीवर खडूनं लिहिलेले भाव.
बोगोताच्या महापालिकेत सगळ्यांनी माना डोलावल्या.
वीज कुठून आणणार, कुणीतरी विचारलं.
मी म्हणालो, उन्हातून.
खिडकीबाहेर ढग टेकडीवरून खाली उतरून
पार्किंगमध्ये येऊन बसले होते.

मग योर्लादिस आली.
माझ्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना होता: वापरणारी व्यक्ती.
बाळाच्या जुन्या ढकलगाडीत सात थर्मास घेऊन
ती पहाटे चारपासून सान विक्तोरिनोच्या चौकात असते,
तिंतो विकते, काळी, गोड, बोटभर कपात.
चित्र तिनं सरळ पाहिलं, मग आडवं धरून पाहिलं.
"हे फुटपाथवर चढणार कसं?"

फुटपाथ मी मोजलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन तिच्या मागे मागे हिंडलो.
सतरा सेंटिमीटर. बावीस. एक फुटका.
एकाला कडाच नाही, नुसता खड्डा,
त्यात कुणीतरी मोडकी खुर्ची रोवलेली, सावध करायला.

"आणि मिटायला किती वेळ?"
चार मिनिटं, मी ऐटीत म्हणालो.
ती कोपऱ्याकडे बघत होती,
पोलिसांची व्हॅन वळते त्या कोपऱ्याकडे.
"बारापर्यंत आकडे म्हण. तेवढ्यात मी पलीकडच्या गल्लीत."
पण आता परवाना मिळेल की!
"कागद भिजतो," ती म्हणाली.

छप्पर गेलं.
नळ गेला, एवढ्या उंचीवर पाणी ब्याण्णवलाच उकळतं,
नळापर्यंत येता येता कोमट होतं,
हे मला आकडेमोडीनं कळलं, तिला जिभेनं.
पाटी गेली. भाव सगळ्यांना पाठ.
चाकं तेवढी वाढली, गुडघ्याएवढी झाली.
वेल्डर एलिबेर्तो काच वर करून म्हणाला,
"साहेब, तुमचं यात उरलं काय?"

उरली होती एक चूक.
पेटी आणि दांडा यांच्यामध्ये चार बोटांची फट.
कुठेतरी वजाबाकी हुकली होती,
आणि लक्षात आलं तोवर रंग वाळला होता.

दहा दिवसांनी पहाटे गेलो, आधी लांबूनच पाहिलं.
फळांच्या पेट्या उतरवणारे दोघं, रात्रपाळीची एक नर्स,
एक म्हातारा, जो कॉफी घेत नव्हता, नुसता बोलत होता.
गिऱ्हाईक सरलं की योर्लादिस
दोन्ही पंजे त्या फटीत सरकवून उभी राहायची,
पेटीच्या गरम पत्र्याला तळवे चिकटवून,
डोळे अर्धवट मिटून.

मी पुढे झालो. तिनं कप भरला.
"ही हातांची जागा बरी सुचली तुला," म्हणाली.

मी खिशात सुट्टे पैसे शोधत राहिलो,
लागतात त्यापेक्षा बराच जास्त वेळ.