हातचा

फळ्यावर बेचाळीस वजा सतरा
सोमवारपासून तसंच आहे.
दोनातून सात जात नाहीत
हे दुसरीच्या नऊही जणांना मान्य आहे.
पुढे काय करायचं, यावर
वर्गाचं म्हणणं एकच:
"नाय जात तर ऱ्हवांदे."

मीही तेच म्हणाले असते,
पण मला पगार आहे.

म्हणून आज बाकं भिंतीला लावली.
काल ओहोटीला पुळणीवर सगळ्यांनी मिळून वेचलेलं
गोणपाटावर ओतलं:
तिसऱ्यांची कवचं, खुबे,
आणि निळ्या नक्षीच्या बशीची एक कपची,
जी निमिष टाकू देईना.
"ही पण धरा बाई, समुद्रातलीच हा."
धरली. बेचाळीस झाले.

काही शिंपल्यांना गोगलगायींनी
आधीच भोकं पाडून ठेवली होती,
बाकीची आम्ही खिळ्याने पाडली.
दहा दहा सुतळीत ओवून
सुफियान होडेकरने चार माळा केल्या.
गाठी अशा, की आजोबांची होडी बांधावी
आणि वादळाला म्हणावं, ये.

कोब्यावर खडूने दोन घरं.
दशकाच्या घरात सुफियान,
चारही माळा गळ्यात, नवरदेवासारखा.
एककाच्या घरात रुद्राणी मेथर,
ओंजळीत दोन.
रुद्राणी जूनपासून वर्गात बोललेली नाही.
तिची हजेरीसुद्धा शेजारची देते.

वेदश्री पिशवी घेऊन बाजाराला आली.
"सतरा द्या."
रुद्राणीने ओंजळीत पाहिलं,
मग वेदश्रीकडे,
मग पुन्हा ओंजळीत.

"शेजाऱ्याकडे माग गे!" सगळा वर्ग.
"मी देवचंय नाय," शेजारी म्हणाला,
"माळ तुटतली."

इथे माझ्या पाठाच्या आराखड्यात
पाच मिनिटं लिहिली होती.
वीस मिनिटं भांडण चाललं.
कुणी म्हणालं, उधार दे. कुणी म्हणालं, व्याज घे.
मी तोंड उघडणार एवढ्यात निमिष,
जो आजवर कपची सोडून कशाच्याच बाजूने उभा राहिला नव्हता, म्हणाला,
"रापण सगळे ओढतत,
मगे वाटो एकट्याक कसो?"

सुफियानने डोक्यावरून एक माळ काढली.
हळू. कान अडकला.
"घे. पण गाठ सुटाची नाय."
आणि खरंच सुटेना.
तिघांनी ओढली, चौथ्याने दात लावले,
सुतळी आणखी आवळली.

यानंतरचं मी पाहिलं नाही.
मी दारात उभी राहून केंद्रप्रमुखांना सांगत होते
की सर, हा गोंधळ नाही,
ही वजाबाकी आहे.

पाठीमागे दहा शिंपले खळखळत सांडले.
वळून बघते तर नऊ डोकी एकावर एक,
दोन आणि दहा बारा,
बारातले सात पिशवीत,
सोबत सुफियानची आणखी एक माळ,
आता अगदी न मागता.
उरलं ते तीनदा मोजलं,
कारण पहिल्यांदा प्रत्येकाचं वेगळं आलं.
पंचवीस.

केंद्रप्रमुख शेरेबुकात लिहून गेले:
वर्गात शिंपले आढळले.

मधल्या सुट्टीत सुफियान माझ्या टेबलाशी आला,
कुणाची चहाडी करावी तसा.
"बाई, ती बोलली."
"काय?"
"वडू नको. मागे लोट."

तिची आई अंगणात जाळी विणते.
गाठ कुठून ऐकते
हे त्या घरात कुणी शिकवत नसेल,
दिसत असेल.

संध्याकाळी बिस्किटांच्या डब्यात भरताना
मी पुन्हा मोजले.
कपची धरून एकेचाळीस.
गोणपाट झटकलं, कपाटाखाली झाडू घातला.
एकेचाळीसच.

खिडकीतून खाडी दिसते.
तर सुटली होती,
मुलं माझ्याकडे बघून हात हलवत होती,
सगळी उजवा,
रुद्राणी डावा.