नमुना: एक

सर म्हणाले, नमुना फक्त एक?
हो, म्हटलं. सातपूरची एक रात्रशाळा,
तिथल्या आठवीतल्या एक बाई. वय बावन्न.
सरांनी चष्मा काढून पुसला.
शितावरून भात ठीक आहे गं,
पण परीक्षकांना अख्खं पातेलं लागतं.

त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला
मी त्यांना द्यायचं उत्तर जुळवत राहिले:
भात शिजला का हे बघायचंच नाही मला, सर,
ते शीत कुठल्या चुलीवर, कुणाच्या
मागच्या रिक्षानं हॉर्न दिला.

रात्री तयारी.
रेकॉर्डर, जादा सेल, वह्या दोन:
एक त्यांच्या बोलण्याची,
एक माझ्या गप्प बसण्याची.
प्रश्न बावीस होते, चौदा उरले.
'शाळा का सोडली?' हा खोडला,
त्यात आधीच एक आरोप बसला होता.
वर लिहिलं: शाळेच्या वाटेवर काय काय लागायचं?
खोडलेलं तसंच ठेवलं. माझाही पुरावा असू दे.
मग आरशासमोर स्वतःचीच चाचणी मुलाखत घेतली.
तिसऱ्याच प्रश्नाला खोटं बोलले.

शुक्रवारी संमतीपत्र घेऊन गेले.
वर्गातली ट्यूब फडफडत होती.
बाई कंपनीच्या कॅन्टीनमधून थेट आलेल्या,
मनगटाला अजून कणीक.
"नमुना म्हणजे मी?" हसल्या.
"सासूबाईही हेच म्हणायच्या."
मग ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या.
माझंच मराठी मला पहिल्यांदा ऐकू आलं,
किती टणक.
'गोपनीयते'पाशी अडखळल्या,
मी तोंड उघडलं, तर हातानंच थांबवलं
आणि पार केला शब्द, ओढा ओलांडावा तसा.

कलम चार: नाव बदलण्यात येईल.
बोट तिथंच राहिलं.
"लग्नात बदललं होतं एकदा.
ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं लिहून.
कुणी विचारलं नव्हतं.
तुम्ही विचारताय, का सांगताय?"

माझ्या चौदा प्रश्नांत याचं उत्तर नव्हतं.

"बदलायचंच तर माहेरचं घाला.
त्या नावानं ओळखणारं
आता कुणी उरलं नाही."

काय होतं, मी विचारलं.
सांगितलं नाही. पिशवीतून डोकावणारी वही ओढली,
पेन मागितलं,
पहिल्या पानावर सावकाश लिहिलं,
शेवटच्या अक्षराची वेलांटी पार समासात गेलेली.

रेकॉर्डर पिशवीतच होता.
घरी येऊन बघितलं,
ती दुसरी वही होती.