उजळाईवाडी, मोजणीचा तिसरा दिवस

सकाळी साडेसातला टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं नेमगोंडा मगदुमांच्या उसात.
मध्ये तीस मीटर गवत, एक टिटवी
आणि तिची चार अंडी, जी नकाशात नाहीत.

मी मोजणी खात्यातला. जन्मभर गुंठे मोजले,
भावाभावांतले बांध, रात्रीतून वीतभर सरकलेले दगड.
लांबी म्हणजे भांडण, एवढंच मला ठाऊक.

आत्ता येतं ते पंख्याचं विमान.
मुंगसासारखं पळतं, उठतं,
गोकुळ शिरगावच्या फौंड्रींवरून वळतं.
मोठ्याचं तसं नाही, तस्लीम मुजावर सांगतात,
इंजिनियर बाई, पिवळं हेल्मेट,
डब्यात भडंग.
दोनशे माणसं, त्यांच्या बॅगा, पोटात तेल.
एवढं जड अंग उठायचं तर लांब पळावं लागतं,
मे महिन्यात आणखी लांब,
कारण ऊन हवेला पातळ करतं,
पंखाला धरायला काही उरत नाही.
आपण समुद्रापासून उंचावर, म्हणून अजून थोडं.
मी वहीत लिहीत गेलो: ऊन, उंची, वजन.
सातबाऱ्यावर यातलं काहीच नसतं.

"मग उडायला एवढं पुरे?"
"उडायला पुरे की. पण ही खुंटी बघा.
इथवर पायलटला नको म्हणता येतं.
इंजिन कुरकुरलं, टायर फुटला, तर नको.
त्या नको-साठी
पुढची सगळी पट्टी.
ओली असली तर अजून."

खुंटीच्या पुढं बघितलं.
नेमगोंडांची बोअर, गोठा, चार म्हशी,
दोरीवर वाळणारं पोपटी लुगडं.
यातलं काहीच उड्डाणाच्या वाटेत नव्हतं.
होतं ते न झालेल्या उड्डाणाच्या.

म्हातारा बांधावर येऊन बसला.
"काय वं मोजणीवाले, किती लागंल?"
मी आकडा सांगितला, मग खुंटीचंही सांगितलं.
"म्हंजे माझं रान उडायला न्हाई,
थांबायला पायजे व्हय?"
"व्हय."
त्यानं तंबाखू मळली. बराच वेळ मळली.
"आमच्या थोरलीला
एवढं रान कुणी ठेवलं न्हाई बघा,"
म्हणाला, आणि म्हशींना पाणी दावायला गेला.

मी टेप ओढला तशी टिटवी उठली,
एक पाऊलही न धावता, जागच्या जागी,
आणि डोक्यावर ओरडत राहिली.
मुजावर बाईंनी हेल्मेट काढून कपाळ पुसलं.
त्याही गोठ्याकडंच बघत होत्या.

संध्याकाळी तक्ता भरला.
लांबी, गट नंबर, झाडं, विहीर नाही, बोअर एक.
शेरा या रकान्यात 'चार अंडी' लिहिलं,
मग साहेबांची सही आठवली
आणि खोडलं, पण असं,
की वाचता येईल.